बोटीच्या पायाचा बीपी

बाबांची चूक मी चारचौघांत दाखवली, असं आमच्या मुर्रीत अजून बोलतात. बोलू द्या. त्या दिवशी चोरखमारा तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, काय झालं हे ज्यांना धड माहीत नाही, तेच जास्त बोलतात. म्हणून एकदाचं लिहूनच टाकते.

आमचं दुकान मोटरपंप दुरुस्तीचं. मुर्रीत, गोंदियाकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून. बाबांनी ते माझ्या जन्माआधी टाकलं. मुलगा झाला नाही, मी झाले, आणि दहावीनंतर मीही त्याच ओट्यावर पाना घेऊन बसले. "पोरगी मोटर खोलून राहिली," म्हणून लोक सायकल थांबवून पाहायचे. पाहा म्हणावं, पैसे पडत नाहीत. दोन हजार सालानंतर इकडे उन्हाळी धानासाठी बोअर वाढले, तशा दुकानासमोर मोटरींच्या रांगा लागल्या. मग सायकल थांबवणारेच आपली मोटर घेऊन आले आणि "बाई, आजच्या आज होईल का वो?" म्हणून विनवायला लागले.

बोअरच्या मोटरीचं एक सांगते, कारण सगळं रामायण तिथूनच झालं. आमच्याकडच्या या मोटरीच्या पोटात पाणी भरावं लागतं. खाली सोडण्याआधी स्वच्छ पाणी भरायचं, बुच बंद करायचं, मग सोडायची. पोट कोरडं राहिलं की मोटर जळलीच. गिऱ्हाईक घाबरून विचारायचं, "पानी निंगून राहिलं ना आतून?" तर बाबा हसायचे. "निंगन नाही तं काय! पोटात पानी आहे म्हनूनच जिती आहे ते." पंचवीस वर्षं बाबांनी हेच सांगितलं आणि पंचवीस वर्षं ते खरंच होतं.

मग बाबांची उजवी बाजू गेली. एका सकाळी चहाचा कप उचलता उचलता हात तिथेच राहिला. बोलणं दोन महिन्यांत परत आलं, पायही काठीच्या आधाराने चालायला लागला. उजवा हात काही आला नाही. डॉक्टरांनी सांगितलं, रोज बीपी मोजा, डोक्याला ताप देऊ नका. मी काटेवालं मशीन आणलं, हाताला पट्टा बांधून रबरी फुगा दाबायचा ते. रोज सकाळी मी बाबांचा बीपी मोजायची आणि ते भिंतीकडे पाहत बसायचे. दुकान मी चालवत होते, पण लोक यायचे आणि आत डोकावून विचारायचे, "बाबा कुठं आहेत?" मला चीड यायची. बाबांना त्याहून जास्त यायची, कारण त्यांना कळत होतं की आता लोक फक्त तब्येत विचारायला येतात.

ते गुपचूप एक काम करत होते. पेपरच्या कोऱ्या कडेवर डाव्या हाताने सही गिरवत होते. पहिल्या महिन्यात अक्षर लागत नव्हतं. आठव्या महिन्यात सही वाचता यायला लागली. मी रद्दी विकताना ते कागद पाहिले आणि परत गठ्ठ्यात सरकवले.

अशात चोरखमाऱ्याहून निरोप आला. तिथल्या मच्छीमार सोसायटीने तलावात लोकांना फिरवायला एक जुनी बोट घेतली होती. गोंदियातल्या एका भंगारवाल्या शेठने ती कुठल्याशा धरणावरून उचलून आणली होती. बोट चालवायला एक म्हातारे धीवर मामा ठरले होते. मामा म्हणजे माझ्या आईच्या गावचे, म्हणून मामा. साठ वर्षं डोंग्यात उभे राहून जाळं टाकलेला माणूस. सोसायटीच्या अध्यक्षांना रजिस्टरमध्ये मिस्त्रीची सही पाहिजे होती की मशीन तपासली, ठीक आहे. निरोप माझ्यासाठी नव्हता. "बाबाले घेऊन या," असा होता.

बाबांनी त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घातला. बटणं मला लावू दिली नाहीत.

त्या बोटीचं इंजिन आत बसतं आणि मागे बाहेर एक पाय लोंबतो. पायाच्या खालच्या टोकाला पंखा. इंजिनाची फिरकी या पायातून, आतल्या दातेरी चाकांवरून, पंख्यापर्यंत जाते. ती चाकं तेलात बुडलेली असतात आणि पाय तर पाण्यात. आतलं तेल आत आणि बाहेरचं पाणी बाहेर ठेवायला शाफ्टवर रबराची कडी असते, सील म्हणतात तिला. सील गेलं तर पाणी आत शिरतं, चाकं गंजतात, आणि एक दिवस सगळं जाम होतं. रस्त्यावर गाडी जाम झाली तर माणूस उतरून ढकलतो. तलावाच्या मधोमध काय ढकलणार?

शेठने तो पाय काढून सोसायटीच्या शेडसमोर ठेवला होता. बाबा खुर्चीवर बसले. त्यांनी सांगितलं आणि मी खालचं बुच खोललं. आधी पाणी आलं. थोडंथोडकं नाही, चांगलं पेलाभर. मागून तेल आलं, ते दूध घातलेल्या चहाच्या रंगाचं. मी ते चिमटीत चोळून पाहिलं.

शेठ लगेच म्हणाला, "कल ही धुलवाया है ना, धुलाई का पानी है."

आणि बाबा हसले. आठ महिन्यांनी मी त्यांना तसं हसताना पाहिलं. "पानी तं राहतेच पोटात," ते अध्यक्षांना म्हणाले. "घाबरू नोका. पोटात पानी आहे म्हनजे जिती आहे."

बोअरची मोटर बोलत होती त्यांच्या तोंडून. मला तिथेच ओरडावंसं वाटलं, "अहो बाबा, हे बोअर नाही!" पण मी ओरडले नाही. लोक भोवती उभे होते, बाबांचं ऐकून माना हलवत होते, चहा आधी बाबांना दिला होता. मी नवीन तेल भरलं, बुच लावलं. बाबांनी रजिस्टर मांडीवर घेतलं आणि डाव्या हाताने, जीभ दातात धरून, सही केली. आजारानंतरची कागदावरची पहिली सही. मामांनी रजिस्टर उचलून सगळ्यांना दाखवलं. रविवारी बारा माणसं बसवून पहिली फेरी मारायची ठरली.

परतताना टेम्पोत बाबा ड्रायव्हरला मोटरींच्या गोष्टी सांगत होते. मला स्वतःचाच राग येत होता. भात गिरणीच्या गिअरबॉक्समध्ये पावसाचं पाणी शिरलं की तेल अस्संच दुधाळ होतं, ते मी दहा वेळा पाहिलं होतं. माहीत असून मी तोंड शिवून बसले होते.

दुसऱ्या सकाळी पट्टा बांधला आणि फुगा दाबता दाबता बोलून टाकलं. "बाबा, तो पाय गळते."

"कोन सांगितलं?"

"तेल पाहिलं ना मी. धुलाईचं पानी आत जाईनच कसं? आत गेलं म्हनजेच सील गेलं. बाहेरून कितीबी धुवा, सील चांगलं असन तर एक थेंब जात नाही."

बाबांचा चेहरा उतरला आणि लगेच चढला. "पंचवीस वर्षं मोटरी खोलल्या मी. तू मले शिकवतं?"

"मोटरीत पानी लागते. गिअरमंदी नाही लागत. तुमाले माहीत आहे."

त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. मी बीपी घेतला तर आकडा चढलेला. डोक्याला ताप देऊ नका म्हणून डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि ताप मीच देत होते. एका बाजूला बाबांची आठ महिन्यांची सही, दुसऱ्या बाजूला मामा आणि बारा माणसं. मला कोणी विचारलं नव्हतं यातलं काय निवडायचं ते, पण निवडायला तर मलाच लागणार होतं. आणि खरं सांगू? मला बाबांचाही राग आला. आजारी माणसाशी खोटं बोललं तरी चालतं, असं त्यांनी मला कधी शिकवलं नव्हतं.

मी पट्टा सोडला आणि फुगा, काटा, नळी तेवढी वेगळी काढून पिशवीत टाकली.

"कायले नेऊन राहिली ते?" बाबांनी विचारलं.

"त्या पायाचा बीपी मोजाले."

चाकात हवा भरायचा काटा मोठ्या दाबाचा असतो, थोड्या हवेत तो जागचा हलत नाही. सील पाहायला मात्र थोडीच हवा लागते. बीपीचा काटा त्यासाठी एकदम बरोबर. लेथवाल्याकडून एका बुचाला भोक पाडून घेतलं, त्यात सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह आतलं रबर काढून बसवला, नळी जोडली. मी ऑटो बोलावला. बाबा काठी टेकत बाहेर आले आणि आधीच आत बसले.

"तुम्ही कशाले येता?"

"माही सही आहे तिथं," ते म्हणाले. चोरखमारा येईपर्यंत त्यांनी काठी मांडीवर आडवी धरून ठेवली.

आम्हाला पाहून अध्यक्षांच्या कपाळावर आठ्या. "काल तं ठीक म्हनलं ना बाबानं? आता काऊन?"

"पुन्हा तपासतो," मी म्हटलं. "हवा भरून."

शेठला फोन गेला. तो बहुतेक जवळच, तिरोड्यात होता, अर्ध्या तासात मोटरसायकलवर आला. आल्या आल्या माझ्याकडे न पाहता बाबांना म्हणाला, "चाचाजी, बेटी को समझाओ. मशीन का काम है, चूल्हे का नहीं."

बाबा जमिनीकडे पाहत राहिले. मीच बोलले, "शेठ, चुलीवर गळकं भांडं ठेवत नाही कोनी. तेवढं तं तुमालेबी समजते."

बाया हसल्या. मासे निवडायला चार-पाच बाया तिथे बसल्या होत्या, देव त्यांचं भलं करो. अध्यक्ष मात्र तापले. त्यांचं घराणं जुनं, आजोबा-पणजोबांनी गावोगाव तलाव बांधलेले, आणि त्याचा त्यांना अभिमान. "आमाले पान्याचं शिकवू नोको बाई. आमच्या पिढ्या तलावात गेल्या."

"तुमच्या आज्यानं तलाव बांधला, माह्या आज्यानं त्याची माती डोक्यावर वाह्यली," मी म्हटलं. "पानी दोन्ही घरचं आहे. मले हौद भरून द्या."

शेडच्या मागे मासळीचं बी ठेवायचा सिमेंटचा हौद होता, त्या दिवसांत रिकामा. मामांनी पंपाचं बटण दाबलं. हौद भरेपर्यंत मी पायातलं तेल काढलं. कालच भरलेलं, बोट चाललेलीच नाही, तेव्हा तेल स्वच्छच निघालं. शेठने तेलात हाताचं बोट बुडवून सगळ्यांना दाखवलं. "देखो! एकदम साफ!" मी लक्ष दिलं नाही. वरचं बुच आवळलं, खालच्या भोकात माझं बुच लावलं. चौघांनी पाय उचलून हौदात आडवा ठेवला. अडकलेले बुडबुडे निघून पाणी शांत झालं.

"हवा मैं भरता हूँ," शेठ म्हणाला. त्याने शेडमधला सायकलचा पंप आणला आणि माझी नळी काढून तो लावला. दणादण दट्ट्या मारला. मीच हात धरून थांबवलं, "बस, आता सील उपटून येईन." सगळे हौदावर वाकले. एक बुडबुडा नाही. शेठने घड्याळ दाखवलं. पाच मिनिटं झाली. काहीच नाही.

"हो गया? तसल्ली?" शेठ म्हणाला. कोणीतरी टाळी वाजवली. अध्यक्षांनी रजिस्टर काखेत मारलं. मी बाबांकडे पाहिलं. त्यांची नजर माझ्यावर होती, आणि तिच्यात आनंद नव्हता. ते वाट पाहत होते.

"नाही झालं," मी म्हटलं. "जास्त हवेनं सील शाफ्टवर दाबून बसते. फाटलेलं असलं तरी दाबानं चिकटते. थोड्या हवेतच त्याचं खरं रूप दिसते. आनि शाफ्ट फिरवला कुठं तुम्ही? बोट काय उभीच ठेवाची आहे?"

"अब ये नया नाटक," शेठ म्हणाला.

"हो, नाटक. तिकीट नाही लागत, थांबा."

मी सगळी हवा सोडली. बीपीची नळी लावली, फुगा दाबायला लागले. काटा पाहून एक बाई म्हणाली, "अवं माय, हे तं दवाखान्यातलं!" काटा दीडशेवर आणून मी फुग्याचा स्क्रू बंद केला. काटा उभा. पाणी शांत. खोटं कशाला बोलू, मला भीती वाटली. शाफ्ट फिरवूनही काही निघालं नाही तर? मग बाबांना उगाच ताप दिला, उगाच लोकांत उभं केलं, आणि उद्यापासून दुकानात कोणी येणार नाही. मी बाही वर सारली आणि पंखा धरायला वाकले.

"थांब," बाबा म्हणाले.

ते खुर्चीतून उठले. काठी मामांच्या हातात दिली, हौदाच्या काठाला पोट टेकवलं आणि डावा हात कोपरापर्यंत पाण्यात घातला. पंखा धरून हळूहळू फिरवला. अर्धा फेरा. काही नाही. पूर्ण फेरा.

पंख्याच्या मागून एक बुडबुडा सुटला. मग दुसरा. मग बारीक बारीक बुडबुड्यांची माळच लागली. काटा दीडशेवरून खाली सरकायला लागला. एकशे चाळीस, एकशे वीस. बाबा थांबले की माळ थांबायची, फिरवलं की पुन्हा सुरू. त्यांनी तीनदा फिरवून पाहिलं. नव्वदवर काटा आला तेव्हा त्यांनी हात बाहेर काढला.

"पंखा खोल," ते मला म्हणाले.

मी पंखा काढला. मागे शाफ्टभोवती नायलॉनचा तंगूस, मासे धरायचा बारीक दोरा, गच्च गुंडाळलेला. काळा पडलेला, सीलच्या ओठात रुतलेला. मामांनी ओळखला, त्यांचा जन्म त्यात गेला होता. "कोन्या धरनावर जाळ्यात फसली असन," ते म्हणाले. "यानं तं माह्या बोटाची चामडी कापली जाते. रबराचं काय घेऊन बसले." मग शेठकडे वळून म्हणाले, "रविवारी माही नात बसनार होती तुह्या बोटीत."

शेठचा आवाज जरा खाली आला, पण तोंड काही बंद झालं नाही. "अरे तो पहले ठीक है क्यों लिखा? चाचाजी ने खुद साइन किया है! मिस्त्री की जुबान की कोई कीमत है कि नहीं?"

सगळे बाबांकडे पाहायला लागले. हेच मला नको होतं. हाच प्रश्न, अशा लोकांत. मी तोंड उघडलं, की चूक माझीही आहे, तेल मी पाहिलं होतं आणि गप्प बसले, की बाबा आजारी आहेत.

"रजिस्टर आना," बाबा म्हणाले.

अध्यक्षांनी रजिस्टर दिलं. बाबांनी ओला हात शर्टाला पुसला. कालची सही शोधली. मग पेन घेऊन तिच्यावर एक आडवी रेघ ओढली. डाव्या हाताची रेघ, ती वाकडीच गेली. मला पाहवलं नाही. आठ महिने पेपरच्या कडेवर गिरवलेली सही होती ती.

"झालं ना बाबा, चाला," मी म्हटलं. "बाकीचं मले लिहू द्या."

"तुले कोन सांगितलं झालं म्हनून?" ते खेकसले. "मी बिमार आहो, मेलो नाही."

ते लिहायला लागले. एक एक अक्षर. ग लिहायला किती वेळ लागला सांगू! बाया मासे सोडून उठून आल्या. शेठने मोटरसायकलची चावी काढली, पुन्हा खिशात घातली. कोणी घाई केली नाही, कोणी पेन धरू लागलं नाही. 'गळते. पाण्यात सोडू नये.' एवढं लिहायला बाबांना एक चहा पिऊन व्हावा एवढा वेळ गेला. खाली सही केली. ती आधीच्या सहीपेक्षा खराब आली, हात थकला होता.

"पहिले चुकलो होतो," बाबा शेठला म्हणाले. "आता बरोबर आहो. दोन्ही लिहून देल्लं. तुह्याजवळ आहे का असा कागद?"

शेठजवळ नव्हता. पुढच्या आठवड्यात सील आणून दिलं त्याने, मुकाट्याने. ते मी बसवलं आणि पुन्हा त्याच फुग्याने, त्याच हौदात तपासलं. काटा दीडशेवर तासभर उभा राहिला आणि शाफ्ट या वेळीही बाबांनीच फिरवला.

पण ते नंतरचं. त्या दिवशी ऑटोत बसताना मला रडू फुटलं आणि बाबांनी सरळ बाहेर पाहिलं. मुर्री आली. घरात शिरल्या शिरल्या ते खाटेवर बसले आणि डावी बाही स्वतःच वर सारली. मी नळी, काटा, फुगा पुन्हा पट्ट्याला जोडला. मी फुगा दाबला, स्टेथोस्कोप कानाला लावून काटा पाहिला, आणि किती निघाला ते सांगायला वर पाहिलं.

बाबांनी या वेळी भिंतीकडे पाहिलं नाही. काट्याकडेच पाहत होते. "आकडा खरा सांगजो," ते म्हणाले.

जास्त होता. मी खरा सांगितला.